नख अडतं का बघ

आधी नख फिरव, गोचा.
मशीन नंतर. डोळे त्याच्याही नंतर.
डोळे उन्हाला फितूर असतात.
नख सरळ घसरलं, तर ओरखडा वरच्या पारदर्शक थरात आहे,
म्हणजे आपला आहे.
अडलं, तर तो खाली रंगात उतरलाय,
तिथे आपली मजुरी पोचत नाही.

ही निळी परवा पोतीच्या बंदरात उतरली.
तिकडे अमेरिकेत कुणीतरी मागून ठोकलेली,
विमेवाल्यांनी मेली म्हणून लिहून टाकलेली.
डिकी माल्खाझने सरळ केली, दिवे दुसरीचे बसवले.
आपल्याकडे नुसती कातडी आलीय.
रुस्तावीच्या बाजारात सगळ्याच अशा येतात,
एक जन्म उरकून.

माझा बाप इथेच कारखान्यात पोलाद वितळवायचा.
मी त्याच पोलादावरचा केसाहून पातळ थर घासतो.
घराणं झिजत गेलं, असं आई म्हणते.

कडांना टेप लाव. कडेवर थर सगळ्यात कमी,
मशीन जरा जास्त टेकलं
की खालचा राखाडी लगेच दात दाखवतो.
कंपाऊंड वाटाण्याएवढं, चार ठिपके.
पावाला लोणी नाही लावायचं आपल्याला.
आणि दाबू नकोस. मशीनचं वजन मशीनला पेलू दे.

आता ऐक, हे मला कुणी सांगितलं नव्हतं:
ओरखडा कधी भरत नाही.
आपण त्याच्या आजूबाजूचं सगळं
त्याच्या तळापर्यंत खाली आणतो.
गिऱ्हाईक म्हणतं, गेला.
जातो कुठे?
बाकीचं दार त्याच्यापाशी उतरून येतं.

पलीकडचा झुरा मेण भरतो. दहा मिनिटांत आरसा.
सदाखलोच्या नाक्यापर्यंत टिकतो तो आरसा,
मग दोन धुण्यांत सगळं पुन्हा वर.
म्हणून मी मध्येच स्पिरिटने पुसतो,
तेल उतरवतो, आणि उघड्या दाराकडे बघतो.
त्याला थोडी छाती लागते.
कधी कधी मी आधी चहा पितो.

इकडे ये. हँडलच्या खाली. बॅटरी तिरकी धर.
दिसले? चार-चार, पंख्यासारखे,
खाली येताना बारीक होत गेलेले.
किल्ली नाही ही. काटेरी कुंपणही नाही.
कुत्रं आहे.
गुडघ्याहून थोडं उंच, उजवा पंजा जड.
कुणीतरी रोज संध्याकाळी या गाडीतून घरी यायचं,
आणि दार उघडायच्या आत
हे दोन पायांवर उभं.
पहिल्या ओरखड्याला माणूस ओरडला असेल.
पुढचे मोज, शंभरावर भरतील.

हसू नकोस. लोकरी पॅड दे.

*

तीन पॅड गेले, दुपार गेली.
सगळे उतरले, एक सोडून.
त्यात नख अडतंय. मी पुन्हा पुन्हा फिरवून बघितलं,
अजून दोन फेऱ्या मारल्या असत्या
तर बहुतेक गेला असता.
बहुतेक या शब्दावर मी रंग जाळत नाही.

वानाद्झोरचा हमायाक चार वाजता आला,
गुडघ्यावर बसला, मोबाइलचा उजेड फिरवला
आणि नेमका तोच सापडला त्याला.
हे काय?
कुत्रा, म्हटलं.
कुणाचा?
मला काय ठाऊक. समुद्रापलीकडचा.
तो तसाच बसून राहिला थोडा वेळ,
अंगठा तिथे ठेवून.
मग उठून म्हणाला, चाळीस लारी कमी.
दिले.

तुझ्या पगारातून नाहीत कापत, घाबरू नकोस.
पॅड धुऊन वाळत घाल. पाणी पांढरं निघायला हवं.
निळं निघालं, तर मला सांगू नकोस,
बादली बघून कळेल मला.